गुण राहिले नदीपलीकडे

“महापाठशाळेत जागा हवी? मग आधीच्या शाळेतले गुण दाखव!” राजा दुर्दमसेन गरजला.

“ते पैलराज्यात भास्करभट गुरुजींपाशी आहेत, महाराज. आपल्या काठावर शाळाच नव्हती, म्हणून मी रोज नावेने पलीकडे शिकायला जायची,” झेलू म्हणाली. ही बुरुडाची पोर. टोपल्या विणता विणता वैद्य व्हायचं तिने मनावर घेतलं होतं. इथे जागा मिळाली नाही, तर मामाने नवरा हेरूनच ठेवला होता!

“मग जा, घेऊन ये.”

“नदी तुम्हीच बंद केलीत ना!”

खरंच होतं ते. पैलराज्याच्या राजाने बुद्धिबळात हरवल्यापासून दुर्दमसेनाचा हुकूमच होता: जो पलीकडे पाऊल ठेवील, तो आपली प्रजा नव्हे. आणि परक्याला महापाठशाळेत जागा नाही!

“म्हणजे गेले तर परकी, न गेले तर बिनगुणांची?”

“अगदी बरोबर!” राजा खूश झाला. आपला नियम कुणाला तरी समजला, याचंच त्याला कौतुक!

“पोरी, मोठ्यांशी वाद घालू नये,” प्रधान पुटपुटले.

“वाद कुठे घालतेय, प्रधानकाका? उद्या सकाळी महाराजांना घेऊन नदीवर या, एवढंच म्हणतेय.”

सकाळी राजा छत्रीखाली, जांभया देत काठावर हजर. नदी तिथे इतकी अरुंद, की पलीकडे कुणी खाकरलं तरी ऐकू यावं. समोर भास्करभट गुरुजी रोजच्यासारखे कमरेएवढ्या पाण्यात डोळे मिटून जप करत उभे होते.

झेलूने आवाज चढवला. “गुरुजी! अडुळसा खोकल्याला, हिरडा पोटाला, हळद जखमेला!”

गुरुजी ढिम्म हलले नाहीत.

“मिळाले का गुण?” राजा खिदळला.

झेलूने पदर खोचला. “हिरडा खोकल्याला! अडुळसा जखमेला! हळद टकलाला!”

गुरुजींचे डोळे खाडकन उघडले. “झेले! अगं कार्टे! सहा वर्षं वर्गात पहिली येत होतीस! एक औषध कधी चुकली नाहीस! तुझ्याइतकी नाडी अख्ख्या शाळेत कुणाला कळत नव्हती! आणि आता हे दिवे लावतेस?”

“ऐकलंत, महाराज? पहिली! एकही चूक नाही! नाडी ओळखण्यात सगळ्यांच्या वर! आणि माझं पाऊल अजून याच काठावर आहे!”

“थांब, थांब!” राजा अडून बसला. “आम्ही तर तुला चुकताना ऐकलं! बरोबर सांगून गुण का नाही मिळवलेस?”

“बरोबर सांगितलं तेव्हा काय मिळालं, महाराज? बरोबर उत्तराला शाबासकी देतील ते गुरुजी कसले! आम्ही किती हुशार होतो, हे मोठी माणसं आम्हाला फक्त शिव्या घालतानाच सांगतात!”

राजा असा हसत सुटला, की छत्री धरणाराही हलू लागला.

“आमचे आबासाहेबही अस्सेच! ‘काय झकास घोडा फेकायचास रे तू!’ हे त्यांनी मला सांगितलं कधी? मी घोड्यावरून पडलो तेव्हा!”

हसता हसताच त्याने झेलूला महापाठशाळेत जागा दिली, राहण्या-जेवणाची सोय लावली आणि नदीवर नावाही पुन्हा सोडायला सांगितल्या. पलीकडे गुरुजींचं मात्र चालूच होतं, “टकलाला? टकलाला म्हणे हळद!”