घोड्यावरची दवंडी

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा बातमी पायी चालायची.

नदीकाठच्या एका गावात एक म्हातारा दवंडीवाला होता. चौकात येऊन तो हलगी वाजवी, बातमी सांगे आणि मग तिथेच उभा राही. लोक प्रश्न विचारत. जे ठाऊक नसे त्याला तो सरळ "ठाऊक नाही" म्हणे. एखादी बातमी चुकली, तर दुसऱ्या दिवशी त्याच चौकात, तेवढ्याच मोठ्या आवाजात "काल मी चुकलो" असंही सांगे.

व्यापारी त्याच्याकडून आपला माल पुकारून घेत आणि धान्य देत. त्यावर त्याचं घर चाले. माल पुकारण्याआधी तो बजावे, "हे सांगायचं मला धान्य मिळालंय, बरं का."

मग गावात एक तरुण घोडेस्वार आला. तो दौडत येई, बातमी फेके आणि दौडत जाई. कोसभर लांबचा वाघ तो वेशीत आणी. वाघ नसला तरी आणी. तेलाची तारीफ बातमीत अशी मिसळे, की ऐकणाऱ्याला वाटे राजवाड्यात याच घाण्याचं तेल जातं. आणि "चुकलो" असं तो कधीच म्हणत नसे. त्यामुळे लोक म्हणू लागले, "हा कधी चुकत नाही. म्हातारा मात्र सारखा चुकतो."

व्यापारी घोड्यामागे गेले. म्हाताऱ्याच्या घरची चूल दिवसातून एकदाच पेटू लागली.

मुलगा म्हणाला, "बाबा, चुका सांगणं तेवढं सोडा. निदान हळू तरी सांगा."

"चूक मोठ्याने केली होती रे," म्हातारा म्हणाला.

घरात नुकतीच सून आली होती. ती फार बोलत नसे, पण पाण्याला जाता-येता दोन्ही दवंड्या ऐके. ती म्हणाली, "मामंजी, वाघ आला म्हटलं तरी हल्ली कुणी डोक्यावरची घागर खाली ठेवत नाही."

"मग गर्दी त्याच्याभोवती का?" नवऱ्याने विचारलं.

"खेळ बघायला गर्दी होतेच की."

एका दुपारी घोडेस्वार ओरडत आला, "वरच्या तळ्याचा बांध फुटतोय. टेकडीवर चला." लोक हसले. भाजी विकणारी एक आजी म्हणाली, "काल वाघ, आज तळं. उद्या समुद्र आणशील का रे?"

शेवटी तो म्हाताऱ्याच्या दारात उतरला. "बाबा, तुम्ही सांगा. माझं कुणी ऐकत नाही."

म्हातारा अडला. खात्री केल्याशिवाय त्याने कधी हलगीला हात लावला नव्हता, आणि तळ्याकडे जाऊन यायला वेळ नव्हता. खोटं निघालं तर शब्द जाणार होता. खरं असलं तर गाव जाणार होतं.

सुनेने विचारलं, "दादा, बांध कुठे फुटतोय?"

"पिंपळाच्या बाजूला. बुंध्याखालून गढूळ पाणी येतंय."

"भगदाड केवढं?"

"आधी हात जाईल एवढं होतं. मी निघालो तेव्हा टोपली जाईल एवढं झालं."

"पाणी इथे कधी पोचेल?"

घोडेस्वार थबकला. "ते मला ठाऊक नाही."

सून सासऱ्याकडे वळली. "मामंजी, हे आज पहिल्यांदा 'ठाऊक नाही' म्हणाले. बघून आलेत."

म्हाताऱ्याने हलगी उचलली. "घे मला घोड्यावर. पण चौकाचौकात थांबायचं."

चौकात लोकांनी विचारलं, "बाबा, खरं का?"

"मी पाहिलेलं नाही. याने पाहिलंय. मी याला विचारून घेतलंय, तुम्हीही विचारा."

लोकांनी विचारलं. मग आजीने टोपली उचलली, आणि तिच्यामागे बाजार उठला.

दिवस मावळायच्या आत पाणी आलं. दुकानं गेली, काही भिंती गेल्या. माणसं आणि गुरं मात्र टेकडीवर होती.

पुढे दोघं एकाच घोड्यावरून दवंडी देऊ लागले. तेलाचा व्यापारी काही परत आला नाही. आपलं तेल बातमीपासून वेगळं पुकारलेलं त्याला चालेना. पण घरोघरच्या बायका दळणाला बसताना मूठभर धान्य दवंडीसाठी बाजूला काढू लागल्या. मुठी लहान होत्या, घरं पुष्कळ होती. म्हाताऱ्याच्या घरची चूल पुन्हा दोन्ही वेळा पेटू लागली.

बोध एवढाच, की बातमी पोचवायला वेग लागतो. पण ती खरी मानली जावी म्हणून सांगणाऱ्याला प्रश्नांसमोर थांबावं लागतं.