‘येते’ म्हणून निघालेली पोर

सांगा सांगा करून डोकं खाल्लंत, म्हणून सांगतोय. मधे कुणी बोलायचं नाही, आणि दोनदा सांगणार नाही.

एका गावात एक कुंभाराची पोर होती, पंधराएक वर्षांची. फुटलेल्या मडक्यावरून तिनं हात फिरवला, की मडकं सांधलं जायचं. गाव खूश, आई वैतागलेली. “अगं भवाने, मडकी फुटलीच नाहीत तर आपली नवी नेणार कोण?”

शेजारी तेल्याचा पोरगा होता, तिच्याच वयाचा. तो जमिनीपासून वीतभर वर चालायचा. बाप रोज ओरडायचा, “पाय जमिनीला लाव, मेल्या!” लागतच नव्हते, तो तरी काय करणार.

गावच्या विहिरीच्या तळाशी, शेवटच्या पायरीवर, एक दार होतं. त्याच्या पलीकडं पल्याड नावाचा मुलूख. तिथं सगळेच असले. कुणी ढग राखायचं, कुणी दगडाशी गप्पा मारायचं. एका उन्हाळ्यात विहीर आटली आणि दार उघडं पडलं. दोघांनी ठरवलं, आता तिकडंच राहायचं.

पोर फणफणत उंबऱ्याशी आली. “जाते मी.”

चुलीपुढनं आई म्हणाली, “जाते म्हणू नये. येते म्हण.”

“येते,” पोर पुटपुटली. जिभेची सवय, दुसरं काय.

पोरगा मात्र बापाला ठणकावून म्हणाला, “जातो!”

पल्याडात कुणी रागावलं नाही. पण तिथं मडकी फुटतच नव्हती, आणि वीतभर वर चालणाऱ्याचं कौतुक कुणाला? सगळेच तरंगत होते. आठ दिवसांत दोघं कंटाळले. तेवढ्यात विहिरीत पाणी चढू लागलं.

दाराला एक घोरपड चिकटलेली असायची. तीच राखणदार. ती म्हणाली, “दार लावतेय. आज लागलं की कायमचं. घरून निघताना काय म्हणाला होतात?”

“येते,” पोर म्हणाली.

“मग तुझं येणं बाकी आहे. हो पलीकडं.”

“मी जातो म्हणालो,” पोरगा म्हणाला.

“मग गेलास. घरचं कुणी दारात येऊन ‘ये’ म्हणेल, तरच सुटशील.”

पोरगा मटकन खाली बसला. जन्मात पहिल्यांदा त्याला जमीन लागली.

पोरीच्या घोट्याला पाणी लागलं. घोरपड खेकसली, “निघ लवकर. आणि ‘जाते’ म्हण, म्हणजे इथूनही सुटलीस.”

पोरीनं पोराकडं बघितलं. मग पाहुण्यांकडनं निघावं तशी म्हणाली, “येते हं.”

“अगं वेडे! आता तू परत येईस्तोवर मला दार लावता येत नाही.”

“म्हणून तर म्हणाले.”

दुसऱ्या दिवशी ती तेल्याला घेऊन उतरली. पाणी कमरेपर्यंत. तेली खाकरून म्हणाला, “वर चाल, खाली चाल, काय करायचं ते कर. चुकलं माझं. पण घरी ये बाबा.”

पोरगा आला. निघताना पोर सवयीनं पुन्हा “येते” म्हणाली. घोरपडीनं कपाळाला हात लावला. ते दार अजून उघडंच आहे.

तात्पर्य: निघताना ‘येतो’ म्हणावं. आणि कुणी रागानं ‘जातो’ म्हणून गेलाच, तर ज्याची चूक असेल त्यानं आधी चार पायऱ्या उतराव्यात.

आमच्या ओट्यावरनं ‘जातो’ म्हणून गेलेल्या एकाची चूक त्याचीच होती. त्याचं माफी मागायला येणं अजून बाकी आहे. त्या गेलेल्याचं नाव, गेनू मेहेर.