दहा पावलांचं अंगण

कितीतरी पिढ्यांपूर्वी, एका नदीकाठच्या राज्यात, रोग बरे करायला शिकवणारी एक मोठी विद्याशाळा होती. तिच्या अंगणाभोवती तीन पडव्या. एकीत नाडी पाहायला शिकवत, दुसरीत औषधं करायला, तिसरीत रोग्याची सेवा करायला. तिन्ही पडव्यांचे गुरू वेगळे, जेवणाच्या पंगतीही वेगळ्या. आणि रीत अशी की, दुसऱ्या पडवीला काही विचारायचं नाही. विचारलं तर म्हणे आपल्या गुरूंनी कमी शिकवलं असं दिसतं! शहाण्यांच्या घरी असल्या रिती फार.

नाडीच्या पडवीत एक विद्यार्थिनी होती. हुशार, पण उतावळी. तिची शेवटची परीक्षा आली. दाराशी पहिला येईल तो रोगी बरा करायचा. आली एक विणकरीण, तापाने फणफणलेली.

नाडीवालीने नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि पानावर लिहिलं, "कडू मुळीचा काढा, दिवसातून तीनदा." पान औषधाच्या पडवीत गेलं. तिथून काढा सेवेच्या पडवीत गेला आणि सेवा करणारीने तो नाडीच्या पडवीत खाटेवर पडलेल्या विणकरणीला पाजला. सगळं कसं रीतीला धरून झालं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला, पण विणकरणीचे हात कापू लागले. तिसऱ्या दिवशी तिला उठून बसवेना.

"रोग चिवट दिसतो," असं म्हणून नाडीवालीने पानावर "चारदा" लिहिलं. लिहिलं खरं, पण जिवाला चैन पडेना. पोथी उघडायची, मिटायची, पडवीत येरझाऱ्या घालायच्या. समोरच्या पडवीतला औषध कुटणारा तिच्याकडे बघायचा आणि मान खाली घालून पुन्हा खल चालवायचा. सेवा करणारीही दारात येऊन घुटमळायची. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली!

चौथ्या दिवशी भर दुपारी विणकरणीने नाडीवालीचा हात धरला. "बाई, मी वाचेन ना? लेकीच्या लग्नाचं लुगडं मागावर अर्धं राहिलंय."

नाडीवालीने हळूच आपला हात सोडवला. ती ताडकन उठली आणि तिन्ही गुरूंच्या देखत अंगण ओलांडून गेली.

"परीक्षा गेली खड्ड्यात," सेवा करणारीलाही औषध कुटणाऱ्याजवळ बोलावून ती दोघांना म्हणाली. "खरं सांगा, माझं काय चुकतंय?"

औषध कुटणारा चाचरला. "यंदा मुळी ओली आलीय. ओली मुळी दुप्पट चढते. पण नाडीवाल्यांना मी काय शिकवणार?"

"आणि तिचं व्रत चाललंय," सेवा करणारी म्हणाली. "चार दिवस पोटात अन्नाचा कण नाही. सगळा काढा रिकाम्या पोटी जातोय. मला कुणी विचारलंच नाही गं!"

नाडीवालीला लाजेने रडू कोसळलं. रोज ती खाटेशी बसत होती, पण 'जेवलीस का?' एवढंही तिच्या तोंडून निघालं नव्हतं.

मग तिघं पहिल्यांदाच एका खाटेभोवती बसली. काढा बंद झाला. सेवा करणारीने गोडीगुलाबीने व्रत सोडायला लावलं आणि चमच्याचमच्याने पेज भरवली. औषध कुटणाऱ्याने मुळीवरचा उतारा दिला. नाडीवालीने मनगटावरचं बोट उचललं नाही. तीन दिवसांनी नाडी ठिकाणावर आली.

विणकरीण वाचली, पण हातांचा कंप काही गेला नाही. लेकीचं लुगडं शेजारणीने पुरं केलं. निघताना विणकरणीने विचारलं, "पोरांनो, अंगण तर दहा पावलांचं. मग ते ओलांडायला चार दिवस का लागले?"

गुरूंनी माना खाली घातल्या. पुढच्या वर्षापासून तिन्ही पडव्यांचा पहिला धडा एकाच खाटेशी सुरू झाला. रोगी पुरता बरा झाला नाही म्हणून नाडीवालीला मात्र नापास केलं गेलं, आणि तिने ते निमूट मान्य केलं.

तात्पर्य: जाणत्यांनी एकमेकांना विचारायचं टाळलं, की त्यांच्या अहंकाराची किंमत रोग्याला मोजावी लागते.