काळी काचपट्टी

"गोल फिरवून बघितली, बाई. चहूबाजूंनी काळीच! म्हणजे आत नुसता गोंधळ, हो ना?"

उदयननं बाईंच्या सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी उचललीसुद्धा. वर्षभर मरमर करून त्यानं तिच्यावर पातळ थर चढवला होता. एकमेकांना आडव्या लावलेल्या दोन ध्रुवकांच्या, म्हणजे प्रकाश गाळणाऱ्या काचांच्या, मध्ये ठेवल्यावर, रेणू ओळीनं लागले असतील तर थर उजळतो, नाहीतर अंधार. सगळ्या पुस्तकांत हेच.

विभागप्रमुख गुळवणी सरांनी सकाळीच निकाल दिला होता : मेलेला थर आहे, फेक. आणि झेपत नसेल तर पीएचडीही सोड. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचे कष्ट त्यांनी घेतले नव्हते. निकाल द्यायला खुर्ची पुरते.

"फेकतोच ही. पीएचडीही गेली खड्ड्यात."

"फेक की." निवृत्त तारळेकर बाई भाजी निवडत होत्या. "त्यासाठी माझ्या घरी कशाला यायला हवं?"

उदयन पट्टी बोटांत फिरवत राहिला.

"ठेव परत."

त्यानं ठेवली. बाई उठल्या. काडेपेटीतली एक काडी काढून त्यांनी पट्टीच्या कोपऱ्याखाली हळूच सरकवली. पट्टी कलली.

"आता बघ."

"काळंच आहे... थांबा. राखाडी होतंय! बाई, पांढरं! अहो, पिवळं आलं, पिवळं!"

तो स्टुलावरून पडता पडता वाचला.

"गोंधळ असता तर कलवूनही काळंच राहिलं असतं! म्हणजे रेणू ओळीतच आहेत?"

"सगळे. खांबासारखे ताठ उभे. तू वरून फक्त त्यांची डोकी बघत होतास."

"म्हणजे ते इतके सरळ, म्हणून अंधार?"

बाई पुन्हा भाजीकडे वळल्या.

उदयनच्या अंगात वारं शिरलं. पट्टी रुमालात गुंडाळून तो चपला शोधायला लागला.

"आत्ता जातो! त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर मारतो ही. एवढी वर्षं खुर्ची उबवली, अक्कल काडीची नाही! त्याला मी पुरता ओळखून आहे."

"पुरता?"

"पुरता! आत-बाहेर काळा माणूस आहे तो."

बाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"कलवून बघितलास?"