कावळ्याचा श्रावण

पक्षीही माणसांसारखे सणवार पाळायचे, तेव्हाची गोष्ट. एका तळ्याच्या दरडीतल्या बिळात खंड्याचं बिऱ्हाड होतं आणि वरच्या बाभळीवर कावळ्याचं घरटं.

त्या वर्षी कावळ्याने श्रावणापुरता मासा सोडला. सोडला तर सोडला! पण खंड्याने पाण्यावर नेम धरला की हा वरून ओरडायचा, "अरे, श्रावण आहे! काही लाज?" त्या आरड्याने मासा तळाशी पळायचा. बिळात चार पिलं चोची वासून बसलेली.

"तू नको खाऊस ना! मी कधी आग्रह केला तुला?" खंड्या रोज वैतागून म्हणायचा. कावळ्याचं प्रवचन काही थांबत नसे.

हे पाहून बगळा म्हणाला, "थांब, याची जिरवतो." कावळा बाहेर गेल्यावर त्याने एक ताजा मासा नेऊन त्याच्या घरट्यात टाकला. "वास आला की व्रत मोडलंच म्हणून समज!"

खंड्याला आधी हसू आलं. मग तो स्वतःवरच चिडला, घरट्याकडे उडाला आणि मासा उचलून निघाला. तेवढ्यात कावळा परतला.

"चोरा! माझ्या घरट्यातून काय नेतोस?"

खंड्याने मासा फांदीवर ठेवला. "तुझं व्रत मोडावं म्हणून बगळ्याने हा टाकला होता. मला ते बघवलं नाही. आता माझ्या पिलांच्या घासावर तरी ओरडू नकोस."

कावळा माशाकडे बघतच राहिला. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. मग मान फिरवून तो हळूच म्हणाला, "ने लवकर."