टिकलीची आई आणि आबाचा अंगठा

एक होती टिकली. शेळीचं पिल्लू. एवढीशी! इतकी एवढीशी, की मुंगी म्हणायची, "जरा सरक गं बाळ."

थंडीची सकाळ. टिकली उठली. बघते तर काय?
खुंटा आहे.
खुंट्याला दावं आहे.
दाव्याला आई नाही!

जनावर विकलं, तरी दावं विकत नाहीत. ते घरीच ठेवतात. टिकलीचा मालक म्हाकूआबा, त्याची तशी रीतच होती. म्हणजे आबानं आई विकली!

टिकली रडली. म्यॅ म्यॅ म्यॅ! दूध कोण देणार? कुशीत कोण घेणार?

टिकली निघाली बाजाराला. तुडुक तुडुक तुडुक.

बाजारात होता हेडी. शेळ्या घ्यायचा, शेळ्या विकायचा. त्याची मिशी केवढी? दोन कावळे बसतील एवढी! शेजारी आई बांधलेली.

"हेडीमामा, हेडीमामा, माझी आई सोड."
"नाही सोडत जा! आबानं पैसे परत दिले, तर सोडीन. पण बाजार उठायच्या आत हां! मग माझी गाडी जाईल लांब लांब."

टिकली गेली आबाकडे. तुडुक तुडुक तुडुक.
आबा म्हातारा. गुडघे कुरकुर, छाती घरघर. डोक्याला हात लावून बसलेला.

"आबा, आबा, हेडीला पैसे दे."
"का गं माझे बाय?"
"हेडी आई सोडेना. माझं कसं होईल?"
"कुठनं देऊ? चारा संपला. तुझी आई विकली, बाकीच्यांना पाला आणला. सगळे पैसे पाल्यात गेले. आणि आत्ता पैसे वाटणारी ताई सांगून गेली, सरकारचे पैसे परवाच आलेत! आधी कळतं, तर विकली असती का गं मी तिला? ताईनं दिले, तर देईन."

परवा आबाचा फोन वाजला होता. टिंग! पैसे आल्याचा निरोप होता तो. आबाला वाटलं, फोनला उचकी लागली. तो म्हणाला, "कुणीतरी आठवण काढतंय याची."

टिकली गेली ताईकडे. तुडुक तुडुक तुडुक.
ताई बसली होती पारावर. पुढ्यात पैशाचं यंत्र.

"ताई, ताई, आबाला पैसे दे."
"का गं?"
"आबा पैसे देईना,
हेडी आई सोडेना.
माझं कसं होईल?"
"पैसे आबाचेच आहेत बाळा. गेल्या साली सरकारनं त्याला पोतं दिलं. कोंबड्यांचं खाद्य! आबाकडे कोंबडी एक नाही. म्हणून यंदा पैसे. म्हाताऱ्या शेळीवाल्यांना, दर महिन्याला, थेट हातात. काय हवं ते त्यांनी आणावं. पण यंत्रावर आबाच्या अंगठ्याचा ठसाच उठत नाही. अंगठा उठला, तर देईन."

टिकली गेली अंगठ्याकडे. तुडुक तुडुक तुडुक.
आबाचा अंगठा घोंगडीत लपला होता.

"अंगठेदादा, अंगठेदादा, यंत्रावर ऊठ."
"का गं?"
"ताई पैसे काढेना,
आबा पैसे देईना,
हेडी आई सोडेना.
माझं कसं होईल?"
"साठ वर्षं दावी वळली. साठ वर्षं धारा काढल्या. माझ्या रेघा गेल्या, भेगा राहिल्या. खोबरेल लागलं, तर उठेन."

टिकली गेली खोबरेलाकडे. तुडुक तुडुक तुडुक.
खोबरेल कोनाड्यात, बाटलीत. पांढरं, घट्ट.

"खोबरेलमावशी, बाहेर ये."
"का गं?"
"अंगठा काही उठेना,
ताई पैसे काढेना,
आबा पैसे देईना,
हेडी आई सोडेना.
माझं कसं होईल?"
"मी गारठले. थिजले. ऊन पडलं, तर वितळेन."

टिकली गेली माळावर. तुडुक तुडुक तुडुक.
"ऊनकाका, ऊनकाका, खाली ये."
"का गं?"
"खोबरेल वितळेना,
अंगठा काही उठेना,
ताई पैसे काढेना,
आबा पैसे देईना,
हेडी आई सोडेना.
माझं कसं होईल?"
"मधे धुकं बसलंय गं! धुकं हटलं, तर येईन."

धुकं माळभर लोळत होतं.
"धुकेआजी, धुकेआजी, बाजूला हो."
"का गं?"
"ऊन खाली येईना,
खोबरेल वितळेना,
अंगठा काही उठेना,
ताई पैसे काढेना,
आबा पैसे देईना,
हेडी आई सोडेना.
माझं कसं होईल?"
"मला पाय नाहीत बाई. वाऱ्यानं ढकललं, तर हटेन."

वारा बसला होता बाभळीवर. टिकली दमली. पाय लटलट, पोट रिकामं.
"वारेमामा, वारेमामा, धुक्याला ढकल."
"का गं?"
"धुकं काही हटेना,
ऊन खाली येईना,
खोबरेल वितळेना,
अंगठा काही उठेना,
ताई पैसे काढेना,
आबा पैसे देईना,
हेडी आई सोडेना.
माझं कसं होईल?"
वारा म्हणाला, "अगं, सकाळपासनं रिकामाच बसलोय. मला कुणी सांगितलंच नाही!"

वारा सुटला. सूं सूं सूं!
धुकं हटलं.
ऊन पडलं.
खोबरेल वितळलं. टप टप टप.
अंगठा मऊ झाला. यंत्रावर उठला.
ताईनं पैसे काढले.
आबा पळाला. गुडघे कुरकुर, छाती घरघर. पुढं टिकली, तुडुक तुडुक तुडुक.

बाजार उठत होता. हेडीची गाडी घुर्र घुर्र.
"थांब की लेका!" आबा ओरडला. "हे घे पैसे."
"घेतली त्याच्याहून वर पडतील, म्हातारबा."
"घे. वरचे पण घे."

हेडीनं आई सोडली. टिकली आईला बिलगली. लुचुलुचु दूध प्याली. पोटभर!

उरलेल्या पैशांचा आबानं हिरवागार पाला आणला. आईपुढं हात केला. "चुकलं गं माझं. खा."
आईनं तोंड फिरवलं.
रोज आबाच्या हातातून खाणारी ती. आज खाईना.
आबानं पाला खाली ठेवला. चार पावलं मागं सरला. पाठ करून बसला.
मग आईनं खाल्लं. करम करम करम.
आबा नुसता ऐकत राहिला.

टिकली आईच्या कुशीला,
गोष्ट तुमच्या उशीला.