सभेचा उंबरा आणि सारजा रंगारीण

एका राज्यात एक नगर होते, नगरात एक सभा होती आणि सभेच्या दालनाला एक उंबरा होता. राजा भला होता, पण दूर होता. नगराचा कारभार त्याने नगरश्रेष्ठी धूम्रकेशावर सोपवला होता. धूम्रकेश जादूगार होता. त्याच्या डोक्यावर केसांऐवजी धूर होता. राज्यात जादूगार पुष्कळ होते आणि त्यांना कुठेतरी कामाला लावावेच लागे.

त्या नगरात सारजा नावाची रंगारीण राहत असे. तिच्या अंगणात निळीचा रांजण होता. निळीचा रांजण जिवंत असतो. त्याला रोज वाहते पाणी पाजावे लागते. नाही पाजले तर नीळ मरते, आणि मेलेली नीळ पुन्हा उठत नाही. सारजेच्या आळीला पाटाचे पाणी येई. एके सकाळी ते आले नाही. दुसऱ्या सकाळीही आले नाही. रांजणावरचा जांभळा फेस विरू लागला तेव्हा सारजेने पदर खोचला आणि ती सभेकडे निघाली.

दारात द्वारपाल होता. फार गोड बोलायचा.

"काय काम काढलंत, बाई?"

"पाटाचं पाणी कुठं गेलं ते विचारायचंय."

"अवश्य विचारा. आपली सभा पारदर्शक आहे. भिंती स्फटिकाच्या आहेत, पाहिल्यात ना? मात्र आधी तीन गोष्टी आणाव्या लागतील. आपण याच नगरच्या, अशी वेशीवरच्या दगडी सिंहाची साक्ष. नदीची ना-हरकत. आणि आपल्या सावलीचा जामीन."

"पाण्याचं विचारायला सावली कशाला?"

"नियम आहे."

"कुणी केला?"

"ते विचारायलाही याच तीन गोष्टी लागतील."

सारजा वेशीवर गेली. दगडी सिंह म्हणाला, "तुला मी रोज पाहतो. साक्ष देईन; आधी मान खाजव. शतके लोटली, कुणाला सुचले नाही." सारजेने मान खाजवली. सिंहाने साक्ष दिली.

सारजा नदीवर गेली. नदी उसळून म्हणाली, "ना-हरकत? माझी हरकतच आहे! माझं पाणी मला न विचारता वळवलं."

"अगं बाई, तेच विचारायला चाललेय."

"मग हरकत नाही," नदी म्हणाली.

राहिली सावली. ती म्हणाली, "जन्मभर तुझ्यामागे फरफटले, आता जामीनही राहू?" पण राहिली. द्वारपालाने तिला घडी घालून कोनाड्यात ठेवले आणि सारजेला सूर्यास्तापर्यंत आतबाहेर करायची मुभा दिली.

सारजेने उंबरा ओलांडला. समोर धूम्रकेश बसला होता, दोन्ही बाजूंना सभासद विडे चघळत होते.

"बोला, बाई."

सारजेने तोंड उघडले आणि तिला काही आठवेना. आपण आलो कशाला? "काही नाही," ती ओशाळून म्हणाली, "सहज आले होते."

नगारा वाजला. द्वारपालाने आरोळी दिली, "आणखी एका नागरिकाचे पूर्ण समाधान झाले!"

पायरी उतरताच सारजेला सारे आठवले. ती तशीच वळली, आत गेली आणि पुन्हा सहज आलेली निघाली. पुन्हा नगारा वाजला, पुन्हा समाधान झाले. तिचे डोके भणभणू लागले.

वळचणीला एक साळुंकी बसली होती. "हे काय होतंय गं?" सारजेने तिला विचारले. ती म्हणाली, "उंबरा भारलेला आहे, बाई. जुन्या राजाने या दालनाला वर दिला होता की इथे विचारलेल्या प्रश्नाला खरेच उत्तर मिळेल. खोटे बोलणाऱ्याची जीभ टाळूला चिकटेल. तो वर धूम्रकेशाला मोडता येईना. म्हणून त्याने असा मंत्र घातला की प्रश्न आत पोचूच नये. जो येतो त्याची तक्रार उंबऱ्यावरच गळते."

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

"कुणी विचारले नाही. पक्ष्यांनी आपणहून बोलू नये, असा ठराव आहे."

सारजेने कपाळावर हात मारला आणि तिसऱ्यांदा आत गेली. आत तिच्याच आळीतला रायाजी कुंभार हात जोडून उभा होता.

"काही नाही, महाराज," रायाजी म्हणत होता, "सहज आलो होतो."

"सहज?" सारजा कडाडली. "रायाजीदादा, सभेने ओढ्यावर बांधला म्हणतात त्या न दिसणाऱ्या पुलावरून तुमचं गाढव खाली पडलं ना? त्याचा पाय मोडला. महिनाभर तेच ऐकून आळीचे कान किटले, आणि इथं येऊन सहज? महाराज, तो पूल कुठं आहे?"

विडे चघळणे थांबले. धूम्रकेशाने मंत्र बांधताना 'आपापली तक्रार' एवढेच धरले होते. दुसऱ्याची तक्रार घेऊन कुणी सभेत आल्याचे त्याने उभ्या कारकिर्दीत पाहिले नव्हते.

"पूल," धूम्रकेश म्हणाला, "अदृश्य—" आणि त्याची जीभ टाळूला चिकटली. ती सुटेपर्यंत तो निळा पडला. "पूल नाहीच," तो पुटपुटला. डोक्यावरच्या धुराची एक बट विझली.

रायाजीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "आणि सारजाबाईंचं—" त्याने सुरुवात केली. तोच धूम्रकेशाने घंटा बडवून सभा उठवली.

सारजेने घरी येऊन रांजणात काठी फिरवली. फेस उरलाच नव्हता, तळाशी थोडा वास तेवढा होता. उद्या पाणी आले नाही तर संपले. ती आळीआळीतून फिरली आणि तिने सगळ्यांना चावडीपाशी गोळा केले. "उद्या प्रत्येकाने शेजाऱ्याचं विचारायचं," ती म्हणाली.

"माझं सोडून त्याचं कशाला?" एक सोनार म्हणाला. "मी त्याच्याशी बोलत नाही."

"बोलू नका. पण त्याच्या घरातलं सगळं ठाऊक आहे ना?"

"सगळं!" सोनार खुलला.

"तेवढंच सभेत सांगा."

रात्रभर सिंहाची मान खाजवली गेली, नदीने हरकत नाही म्हणून म्हणून घसा बसवून घेतला आणि सकाळी द्वारपालाचा कोनाडा सावल्यांनी ओसंडला.

पहिला रायाजी आत गेला. "सारजाबाईंच्या पाटाचं पाणी कुठं गेलं?"

"यंदा दुष्काळ—" जीभ चिकटली. धूम्रकेशाने सभासदांकडे पाहिले. सभासदांनी छताकडे पाहिले. "माझ्या परसात," तो शेवटी म्हणाला. "चांदीच्या आंब्याला."

त्याच्या परसात शापित झाड होते. ते चांदीचे आंबे देई आणि सबंध पाट पिऊन टाके. आंबा चावणाऱ्याचे दात पडत, म्हणून सभासद ते नुसते घरी नेऊन ठेवीत.

मग सोनाराने शेजाऱ्याचे विचारले, शेजाऱ्याने तेलिणीचे, तेलिणीने सोनाराचे. एकेका उत्तराबरोबर धुराची एकेक बट विझत गेली. इतके न गळलेले प्रश्न पेलायची उंबऱ्याला सवय नव्हती. दुपारी तो मधोमध तडकला. त्याबरोबर धूम्रकेशाची सारी जादू उतरली, आंब्याचा शाप तुटला, झाड उभे वाळले आणि पाट आपल्या जुन्या वाटेने धावत आळीत शिरला. सारजा त्याच्या पुढे धावत होती. तिने पहिली घागर रांजणात ओतली आणि काठावर टेकून बसली. संध्याकाळी मधोमध जांभळा बुडबुडा आला, मग दुसरा.

राजाला हे सारे यथावकाश, म्हणजे सर्वांच्या शेवटी कळले. त्याने धूम्रकेशाला, आता साफ टकलाला, सभेच्या दारात येणाऱ्याजाणाऱ्यांना पाणी पाजायला बसवले. ओढ्यावर दिसणारा पूल बांधला. लोक अजून त्यावर पाय चाचपून टाकतात. दालनाला पुन्हा उंबरा बसवला नाही.

नगर सुखी झाले. त्या नगरात आजही जो तो शेजाऱ्याचे विचारायला सभेत जातो. आणि दोन शेजारी भांडले की नवे सभासद, ते भांडण मिटू नये आणि कुणी कुणाचे विचारायला येऊ नये म्हणून, देव पाण्यात ठेवून बसतात.